पोडोसाइट

पोडोसाइट ही मूत्रपिंडातील (वृक्कातील) रक्त गाळणाऱ्या केशिकांना बाहेरून वेढणारी, अनेक पायांसारखे फाटे असलेली विशेष पेशी आहे. रक्तातील पाणी, क्षार व टाकाऊ द्रव्ये गाळून पुढे जाऊ देणे आणि अल्ब्युमिनसारखी उपयुक्त प्रथिने रक्तातच अडवून धरणे, या गाळणक्रियेतील अखेरचा अडसर म्हणजे ही पेशी होय. रक्ताच्या दाबामुळे केशिकेच्या भिंतीवर पडणारा ताण ती जन्मभर सोसत असते.

पूर्ण वाढ झालेली पोडोसाइट पेशी सहसा विभाजन पावत नाही. त्यामुळे नष्ट झालेल्या पेशीची जागा नवी पेशी क्वचितच घेते आणि उरलेल्या पेशींना अधिक पृष्ठभाग झाकावा लागतो. मधुमेहात या पेशीवर दोन बाजूंनी आघात होतो. केशिकांतील दाब वाढल्याने यांत्रिक ताण वाढतो, आणि रक्तातील वाढलेली शर्करा व इन्सुलिनच्या संदेशातील बिघाड यांमुळे ताण सोसण्याची पेशीची क्षमता घटते. या दुहेरी आघातामुळे मधुमेही मूत्रपिंडविकाराच्या अभ्यासात पोडोसाइटला मध्यवर्ती स्थान आहे.

## नाव व इतिहास

‘पोडोसाइट’ हा शब्द ‘पाऊल’ आणि ‘पेशी’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनलेला आहे. पेशीच्या मुख्य भागापासून निघून केशिकेला कवटाळणाऱ्या पायांसारख्या फाट्यांवरून हे नाव पडले.

इटालियन शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिघी यांनी १६६६ मध्ये मूत्रपिंडातील सूक्ष्म गोलाकार कणांचे वर्णन केले. इंग्रज वैद्य विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये या कणांचा मूत्रनलिकांशी असलेला संबंध दाखवून दिला. केशिकांच्या गुच्छाभोवतीच्या कपासारख्या आवरणाला त्यांच्या नावावरून बोमन संपुट म्हणतात. पोडोसाइटच्या पायांचे जाळे मात्र साध्या सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसत नाही. त्याची बारीक रचना १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या वापरानंतर उलगडली.

मधुमेह आणि केशिकागुच्छातील बदल यांचा संबंध १९३६ मध्ये पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी वर्णिला. मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंडांत त्यांना आढळलेल्या गाठींसारख्या रचना आजही ‘किमेलस्टील–विल्सन गाठी’ या नावाने ओळखल्या जातात. पोडोसाइटचे रेणवीय आकलन १९९८ नंतर झपाट्याने वाढले. त्या वर्षी कार्ल ट्रिग्व्हासन यांच्या गटाने फिनलंडमध्ये आढळणाऱ्या एका जन्मजात मूत्रपिंडविकाराला कारणीभूत असलेले जनुक शोधले. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला नेफ्रिन हे नाव देण्यात आले.

## स्थान व रचना

माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. व्यक्तीव्यक्तींत ही संख्या सुमारे २ लाखांपासून २५ लाखांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक आढळली आहे. प्रत्येक नेफ्रॉनच्या सुरुवातीला रक्तकेशिकांचा एक गुच्छ असतो. त्याला ग्लोमेरुलस किंवा केशिकागुच्छ म्हणतात. प्रौढ व्यक्तीच्या एका केशिकागुच्छावर साधारणपणे ५०० ते ६०० पोडोसाइट असतात.

गाळणीची भिंत तीन थरांची असते.

* अंतःस्तर पेशी: केशिकेच्या आतील बाजूचा, सूक्ष्म छिद्रे असलेला थर.
* आधारपटल: चौथ्या प्रकारचे कोलॅजेन, लॅमिनिन इत्यादी प्रथिनांचे विणलेले पटल. प्रौढांमध्ये याची जाडी साधारणपणे ३०० ते ३५० नॅनोमीटर असते.
* पोडोसाइट: आधारपटलाच्या बाहेरील, म्हणजे बोमन संपुटाच्या बाजूचा थर.

पोडोसाइटचा मुख्य भाग आधारपटलाला थेट चिकटलेला नसतो. तो बोमन संपुटातील पोकळीत काहीसा तरंगत राहतो. त्यापासून जाड फाटे निघतात आणि त्या फाट्यांना असंख्य बारीक पादप्रवर्ध फुटतात. शेजारच्या पेशींचे पादप्रवर्ध दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तसे गुंफलेले असतात. त्यांच्यामधील फट सुमारे ३० ते ४० नॅनोमीटर रुंद असते. तिच्यावर नेफ्रिन, पोडोसिन इत्यादी प्रथिनांचे एक नाजूक पटल ताणलेले असते. त्याला छिद्रपटल म्हणता येईल.

पादप्रवर्धांना आकार आणि ताकद देणारा सांगाडा ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचा असतो. हे तंतू एका बाजूला छिद्रपटलाशी आणि दुसऱ्या बाजूला इंटिग्रिन या प्रथिनांमार्फत आधारपटलाशी जोडलेले असतात. त्यामुळे गाळणीची फट, पेशीचा सांगाडा आणि आधारपटलावरील पकड ही तिन्ही परस्परांशी बांधलेली आहेत. एका ठिकाणी झालेला बिघाड उरलेल्या दोहोंपर्यंत पोहोचतो.

## कार्य

निरोगी प्रौढ व्यक्तीची मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सर्व पाणी पुढील नलिकांत परत शोषले जाते आणि सुमारे दीड लिटर मूत्र बाहेर पडते. एवढा द्रव गाळला जात असूनही निरोगी व्यक्तीच्या मूत्रात अल्ब्युमिन अत्यल्प प्रमाणात सापडते.

पोडोसाइट अन्य कामेही करते. आधारपटलातील काही घटक ती तयार करते. रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराला जिवंत ठेवणारा व्हीईजीएफ हा वृद्धिघटक ती स्रवते. केशिकेच्या भिंतीला बाहेरून आधार देऊन ती आतील दाबाने भिंत फुगण्यालाही विरोध करते. यामुळे पोडोसाइट नष्ट झाली, की तेथील गाळणी सैल होण्याबरोबरच केशिकेचा आधारही सुटतो.

## यांत्रिक ताणाला प्रतिसाद

### ताणाचा उगम

शरीरातील बहुतेक केशिकांच्या आधी बारीक रोहिणिका आणि नंतर नीला असते. केशिकागुच्छाची रचना याहून वेगळी आहे. त्यात रक्त आणणारी अभिवाही रोहिणिका आणि रक्त बाहेर नेणारी अपवाही रोहिणिका अशा दोन्ही बाजूंना आकुंचन पावू शकणाऱ्या वाहिन्या असतात. त्यामुळे केशिकागुच्छातील दाब सुमारे ५० मिलिमीटर पारा इतका, म्हणजे शरीरातील इतर बहुतेक केशिकांपेक्षा बराच जास्त राहतो. गाळणक्रियेसाठी हा दाब आवश्यक असतो. मात्र याच दाबामुळे पोडोसाइटवर दोन प्रकारचे बल पडते.

पहिले बल केशिकेची भिंत बाहेर ढकलली गेल्याने पडते. भिंत ताणली, की तिला चिकटलेले पादप्रवर्धही ताणले जातात. नळीच्या भिंतीवरील हा ताण आतील दाबाबरोबर आणि नळीच्या त्रिज्येबरोबर वाढतो. त्यामुळे दाब वाढला किंवा केशिका रुंदावली, तरी पोडोसाइटवरील भार वाढतो. दुसरे बल गाळलेल्या द्रवाच्या प्रवाहाचे असते. पादप्रवर्धांमधील फटींतून वाहणारा द्रव पेशीच्या पृष्ठभागाला घासत जातो आणि कर्तन ताण निर्माण करतो. नेफ्रॉनमागे गाळण वाढले, तर हा ताणही वाढतो.

### ताणाची जाणीव

पोडोसाइटला ताणाची जाणीव अनेक रेणूंमार्फत होते. आधारपटलावरील इंटिग्रिन भिंतीची हालचाल पेशीच्या सांगाड्यापर्यंत पोहोचवतात. छिद्रपटलाजवळ टीआरपीसी-६ ही कॅल्शियम आत येऊ देणारी वाहिनी असते आणि पोडोसिन हे प्रथिन तिच्या नियमनात भाग घेते. या वाहिनीच्या जनुकातील दोषांमुळे केशिकागुच्छ काठिण्याचा एक आनुवंशिक प्रकार होतो, असे २००५ मध्ये आढळले. त्याआधी २००० मध्ये ॲक्टिन तंतूंना बांधून ठेवणाऱ्या अल्फा-ॲक्टिनिन-४ या प्रथिनातील दोषाने असाच विकार होतो, हे स्पष्ट झाले होते. पेशीचा सांगाडा सदोष असेल तर मधुमेह नसतानाही गाळणी निकामी होऊ शकते, हे या आनुवंशिक विकारांवरून दिसून येते.

### पेशीचा प्रतिसाद

पोडोसाइट पेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवण्याची पद्धत १९९७ मध्ये उंदरांच्या आणि २००२ मध्ये मानवी पेशींसाठी विकसित झाली. अशा पेशी लवचिक पटलावर वाढवून ते पटल ठरावीक लयीत ताणले व सैल सोडले, की नाडीच्या ठोक्यांमुळे पडणाऱ्या ताणाची ढोबळ नक्कल होते. या प्रयोगांत पुढील बदल दिसून आले.

* ॲक्टिन तंतूंची मांडणी बदलते. पेशीला आडवे छेदणारे तंतू कमी होतात आणि मध्यापासून कडेकडे जाणारे, चाकाच्या आऱ्यांसारखे तंतू तयार होतात.
* पेशींची संख्यावाढ मंदावते.
* पेशी स्वतःच अँजिओटेन्सिन-२ हे द्रव्य अधिक प्रमाणात बनवू लागते आणि ते ओळखणारी ग्राहके वाढवते. हा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

यांपैकी तिसरा बदल वैद्यकीयदृष्ट्या विशेष महत्त्वाचा आहे. अँजिओटेन्सिन-२ मुळे अपवाही रोहिणिका आकुंचन पावते आणि केशिकागुच्छातील दाब आणखी वाढतो. पोडोसाइटवरही त्याचा थेट हानिकारक परिणाम होतो. अशा रीतीने ताणातून निर्माण झालेले द्रव्य ताणात भर घालते आणि दुष्टचक्र सुरू होते.

शरीरात ताण मर्यादित असेल तर पोडोसाइट आकाराने वाढून जास्त पृष्ठभाग झाकते. ताण त्याहून वाढला, तर पादप्रवर्ध आखूड व पसरट होतात आणि त्यांची गुंफण नाहीशी होते. पसरट झालेली पेशी आधारपटलाला अधिक क्षेत्रफळावर चिकटते, म्हणून हा बदल सुटून पडण्यापासून बचाव करणारा असावा असे काही अभ्यासक मानतात. मात्र या बचावाच्या काळात गाळणी सैल होते आणि मूत्रातून अल्ब्युमिन जाऊ लागते.

## मधुमेहाचा परिणाम

### दाबातील वाढ

मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात अनेक रुग्णांची मूत्रपिंडे नेहमीपेक्षा जास्त रक्त गाळतात. याला अतिगाळण म्हणतात. याचे एक प्रमुख कारण नलिकेत घडते. गाळलेल्या द्रवातील ग्लुकोज परत शोषण्यासाठी नेफ्रॉनच्या पहिल्या नलिकेत एसजीएलटी-२ हे वाहक प्रथिन असते. ते ग्लुकोजबरोबर सोडियमही शोषते. रक्तातील ग्लुकोज वाढले, की हे शोषण वाढते आणि नलिकेच्या पुढील भागात पोहोचणारे सोडियम कमी होते. तेथील संवेदक पेशी याचा अर्थ गाळण कमी पडत आहे असा लावतात, आणि अभिवाही रोहिणिका रुंदावते. रक्त अधिक जोराने आत येते, अपवाही रोहिणिका मात्र अँजिओटेन्सिन-२ मुळे आकुंचित राहते. परिणामी केशिकागुच्छातील दाब वाढतो.

शिवाय मधुमेहात केशिकागुच्छाचा आकारही वाढतो. मोठ्या झालेल्या पृष्ठभागाला झाकण्यासाठी पोडोसाइटची संख्या मात्र वाढत नाही. दाब आणि त्रिज्या दोन्ही वाढल्याने प्रत्येक पेशीवरील यांत्रिक भार दुहेरी वाढतो.

### शर्करेचा व इन्सुलिनचा परिणाम

अति ग्लुकोजमुळे पोडोसाइटमध्ये ऑक्सिजनची अतिक्रियाशील संयुगे निर्माण होतात. त्यांमुळे पेशींचा नियोजित मृत्यू घडून येतो, असे उंदरांवरील व पेशींवरील प्रयोगांत २००६ मध्ये दाखवण्यात आले. ग्लुकोज दीर्घकाळ प्रथिनांना चिकटून राहिल्याने त्यांचे गुणधर्मही बदलतात. आधारपटल जाड होते आणि केशिकांच्या मधील मेसँजियम हा आधारभाग फुगतो. ज्या पटलावर पोडोसाइटने पाय रोवायचे, त्याचीच घडण बदलल्याने तिची पकड कमकुवत होते.

पोडोसाइट ही इन्सुलिनला प्रतिसाद देणारी पेशी आहे, हे २००५ मध्ये मानवी पेशींवरील अभ्यासातून पुढे आले. त्यानंतर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या केवळ पोडोसाइटमधील इन्सुलिन ग्राहक काढून टाकण्यात आले. त्या उंदरांच्या रक्तातील शर्करा प्राकृत असूनही त्यांच्या मूत्रात अल्ब्युमिन आले आणि मूत्रपिंडांत मधुमेहातल्यासारखे बदल दिसले. यावरून दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातील इन्सुलिन प्रतिरोध हा शर्करेपासून स्वतंत्रपणेही या पेशीला बाधक ठरू शकतो, असे मानले जाते.

## पेशींचा ऱ्हास व त्याचे परिणाम

पकड सुटलेल्या पोडोसाइट गाळलेल्या द्रवाबरोबर वाहून मूत्रात येतात. त्यांपैकी काही पेशी मूत्रात जिवंत अवस्थेत सापडल्या आहेत. म्हणजेच प्रत्येक पेशी आधी मरून मग गळते असे नाही; काही पेशी जिवंत असतानाच भिंतीपासून निखळतात. ऱ्हासामागे केवळ विषारी परिणाम नसून यांत्रिक कारणही आहे, याचा हा एक पुरावा मानला जातो.

किती पेशी गेल्यावर काय घडते, याचा उलगडा २००५ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांवरील एका प्रयोगाने केला. त्यात अन्य पेशींना धक्का न लावता केवळ पोडोसाइट निवडक प्रमाणात नष्ट करण्यात आल्या. सुमारे २० टक्क्यांपर्यंत पेशी गेल्यास मूत्रातील प्रथिने तात्पुरती वाढली. २० ते ४० टक्के पेशी गेल्यावर केशिकागुच्छाचे काही भाग कठीण झाले. ४० टक्क्यांहून अधिक हानी झाल्यावर काठिण्य पसरले, प्रथिने सतत जात राहिली आणि मूत्रपिंडाचे कार्य घटले.

माणसांमध्येही याला पुष्टी देणारी निरीक्षणे आहेत. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण फार मोठे असलेल्या अमेरिकेतील पिमा समाजातील रुग्णांच्या मूत्रपिंडांचे नमुने तपासले असता, विकार पुढे गेलेल्या रुग्णांत केशिकागुच्छामागे पोडोसाइटची संख्या कमी आढळली. हे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

पोडोसाइट गळून आधारपटल उघडे पडले, की त्या जागी केशिका बोमन संपुटाच्या भिंतीला चिकटते. त्या भागात चट्टा तयार होतो आणि हळूहळू संपूर्ण केशिकागुच्छ निकामी होतो. त्याचे काम उरलेल्या नेफ्रॉनवर पडते, त्यांच्यातील दाब वाढतो आणि तेथील पोडोसाइटवर ताण येतो. उरलेल्या नेफ्रॉनवरील या वाढत्या भाराची कल्पना १९८० च्या दशकात अमेरिकन वैद्य बॅरी ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे मांडली. मूळ कारण काहीही असले, तरी एका मर्यादेनंतर मूत्रपिंडविकार आपोआप पुढे का सरकतो, याचे स्पष्टीकरण या कल्पनेतून मिळते.

## निदान

पोडोसाइटच्या हानीची सुरुवात वेदनारहित असते. लघवीचे प्रमाण, रंग किंवा वारंवारता यांत बदल जाणवेलच असे नाही. रक्तातील क्रिएटिनिनही साधारणपणे मूत्रपिंडाची निम्मी कार्यक्षमता गेल्यावरच स्पष्टपणे वाढते. त्यामुळे केवळ क्रिएटिनिन प्राकृत असणे हा मूत्रपिंडे निरोगी असल्याचा पुरावा ठरत नाही.

प्रारंभिक हानी ओळखण्यासाठी मूत्रातील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर तपासतात. यासाठी लघवीचा एकच नमुना पुरतो.

* प्रति ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन: प्राकृत किंवा किंचित वाढलेले.
* ३० ते ३०० मिलिग्रॅम: मध्यम वाढ.
* ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त: तीव्र वाढ.

ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, जोरदार व्यायाम किंवा अतिशय वाढलेला रक्तदाब यांमुळे अल्ब्युमिन तात्पुरते वाढू शकते. म्हणून तीन ते सहा महिन्यांच्या काळात तीनपैकी दोन नमुन्यांत वाढ आढळल्यावर निदान पक्के धरले जाते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झाल्याबरोबर आणि पहिल्या प्रकारात निदानानंतर पाच वर्षांनी ही तपासणी सुरू करून पुढे दरवर्षी करण्याची शिफारस आहे. त्याबरोबर क्रिएटिनिनवरून गाळणदराचा अंदाजही काढला जातो. काही मधुमेही रुग्णांत अल्ब्युमिन फारसे न वाढताही गाळणदर घटतो, म्हणून दोन्ही तपासण्या आवश्यक असतात.

## उपचारांमागील तत्त्व

गेलेल्या पोडोसाइट परत आणणारे औषध सध्या उपलब्ध नाही. त्यामुळे उरलेल्या पेशींवरील भार कमी करणे हेच उपचारांचे मुख्य तत्त्व आहे.

रक्तशर्करा व रक्तदाब यांचे नियंत्रण हा उपचारांचा पाया होय. पहिल्या प्रकारच्या मधुमेहावरील डीसीसीटी या चाचणीने १९९३ मध्ये, तर दुसऱ्या प्रकारावरील ब्रिटनच्या यूकेपीडीएस या अभ्यासाने १९९८ मध्ये, काटेकोर नियंत्रणाने सूक्ष्म रक्तवाहिन्यांची हानी कमी होते हे दाखवले.

अँजिओटेन्सिनविरोधी औषधे अपवाही रोहिणिका सैल करून केशिकागुच्छातील दाब उतरवतात. कॅप्टोप्रिलचा पहिल्या प्रकारच्या मधुमेहातील लाभ १९९३ मध्ये, आणि लोसार्टन व इर्बेसार्टन यांचा दुसऱ्या प्रकारातील लाभ २००१ मध्ये मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाला.

एसजीएलटी-२ रोधक औषधे नलिकेतील ग्लुकोज व सोडियम यांचे शोषण रोखतात. त्यामुळे संवेदक पेशींपर्यंत पुरेसे सोडियम पोहोचते, अभिवाही रोहिणिका पुन्हा आकुंचन पावते आणि अतिगाळण कमी होते. कॅनाग्लिफ्लोझिनचा परिणाम २०१९ मध्ये आणि डापाग्लिफ्लोझिनचा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांनाही लाभ झाला. या औषधांचा उपयोग शर्करा उतरवण्यापुरता नाही, हे त्यावरून दिसते.

ही औषधे सुरू केल्यावर गाळणदर प्रारंभी किंचित घटतो. दाब उतरल्याचा तो अपेक्षित परिणाम असतो. मात्र अँजिओटेन्सिनविरोधी औषधांच्या वापरात पोटॅशियम व क्रिएटिनिन यांवर लक्ष ठेवावे लागते आणि गरोदरपणात ती देत नाहीत. औषधांची निवड व मात्रा वैद्यकीय सल्ल्यानेच ठरते.

मधुमेहातील बदल काही अंशी परतवता येतात, याचेही उदाहरण आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या आठ रुग्णांत स्वादुपिंड प्रत्यारोपणानंतर रक्तशर्करा प्राकृत राहिली. पाच वर्षांनी मूत्रपिंडांत फरक दिसला नाही, परंतु दहा वर्षांनी जाड झालेले आधारपटल व फुगलेले मेसँजियम पूर्ववत होऊ लागल्याचे आढळले. हा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

## महाराष्ट्रातील संदर्भ

### मधुमेहाचे प्रमाण

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब या सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार राज्यातील ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह होता. शहरी भागात हे प्रमाण १०.९ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के होते. याच सर्वेक्षणाच्या २०२३ मधील देशव्यापी निष्कर्षांनुसार भारतातील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी लोक, इतके होते.

मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या रुग्णांना डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची गरज पडते. महाराष्ट्र शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. तथापि आठवड्यातून दोन-तीन वेळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे ग्रामीण कुटुंबांना खर्चाचे व कष्टाचे ठरते. लघवीच्या एका नमुन्यावर होणारी वार्षिक तपासणी ही वेळ पुढे ढकलण्यास मदत करते.

### जन्मवजन व नेफ्रॉनची संख्या

गर्भातील नेफ्रॉनची निर्मिती सुमारे ३६ व्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते. जन्मानंतर पूर्ण दिवसांच्या बालकात नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. अमेरिकेतील एका शवविच्छेदन अभ्यासात (२००३) जन्मवजनातील प्रत्येक किलोच्या वाढीमागे एका मूत्रपिंडातील केशिकागुच्छांची संख्या सुमारे अडीच लाखांनी जास्त आढळली. नेफ्रॉन कमी असतील तर प्रत्येकावरील गाळणीचा भार, आणि म्हणून पोडोसाइटवरील ताण, जास्त असतो.

या संदर्भात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांचे संशोधन महत्त्वाचे आहे. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या माता पोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. वजनाने कमी असूनही भारतीय बालकांत चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. या मांडणीनुसार अशा बालकांना पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका अधिक असतो. नेफ्रॉनविषयीच्या वरील निष्कर्षांशी ही निरीक्षणे जोडून पाहिल्यास, कमी जन्मवजनाच्या व्यक्तीला मधुमेह झाल्यास तिच्या पोडोसाइटवर जन्मतःच असलेल्या भारात नवी भर पडण्याची शक्यता दिसते. त्यामुळे मातेच्या पोषणाचा प्रश्न मूत्रपिंडांच्या आरोग्याशीही निगडित ठरतो.

### ऊसपट्ट्यातील वेगळा विकार

मूत्रपिंडाचा प्रत्येक दीर्घकालीन विकार पोडोसाइटपासून सुरू होत नाही. निकाराग्वा, एल साल्वाडोर इत्यादी मध्य अमेरिकी देशांत ऊसतोड करणाऱ्या, मधुमेह व उच्च रक्तदाब नसलेल्या तरुण मजुरांमध्ये मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण मोठे आढळले आहे. कडक उन्हातील अतिश्रम आणि वारंवार होणारे निर्जलीकरण ही त्याची प्रमुख संभाव्य कारणे मानली जातात. या विकारात हानी मुख्यतः नलिका व त्यांच्या भोवतालच्या ऊतींत होते आणि मूत्रात अल्ब्युमिन फारसे जात नाही.

महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूर व अकलूजसारख्या साखर कारखान्यांच्या परिसरात दर हंगामात बीड व अन्य जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येतात, आणि हंगामाच्या अखेरीस उन्हाचा ताप वाढलेला असतो. अशा भागांत दोन्ही प्रकारच्या विकारांतील फरक लक्षात घेणे उपयुक्त ठरते. मधुमेही व्यक्तीत अल्ब्युमिनची तपासणी पोडोसाइटवरील आघाताची पूर्वसूचना देते. उन्हात राबणाऱ्या मजुराचे अल्ब्युमिन प्राकृत असले, तरी क्रिएटिनिन व गाळणदर पाहिल्याविना मूत्रपिंडे निरोगी आहेत असे म्हणता येत नाही. एकाच व्यक्तीला मधुमेह असून तिचे कामही उन्हातील कष्टाचे असल्यास दोन्ही तपासण्यांचे महत्त्व वाढते.